गन रिकामी आहे का?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८ मध्ये विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी एक नियमावली काढली. शहराच्या नकाशावर तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात निदान एक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन बसवायचं, असं तीत म्हटलं होतं. महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक, तेही दोन्ही बाजूंना. चौकोन पाडायला कुणाची हरकत असणार? पण ज्यानं हे लिहिलं तो पुण्याच्या पेठांत कधी गाडी घेऊन शिरलेला नसावा. आमच्या चौकोनात सदाशिव, नारायण, शनिवार, बुधवार अशा झाडून सगळ्या पेठा मावतात, फक्त मोटार लावायला जागा मावत नाही. रस्त्यावर पी-१ आणि पी-२ च्या पाट्या. सम तारखेला गाडी या बाजूला लावायची, विषम तारखेला त्या बाजूला. अशा रस्त्याच्या कडेला चार्जर बसवला तर तो अर्धा महिना कायदेशीर आणि अर्धा महिना टोइंगवाल्यांच्या ताब्यात. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम. ज्यांची बॅटरी मोठी आहे त्यांनी तो मुहूर्त साधावा.

त्याच नियमावलीत आणखी एक गंमत होती. प्रत्येक स्टेशनावर पाच निरनिराळ्या प्रकारची जोडणी ठेवणं सक्तीचं होतं. त्यात युरोपी पद्धतीची सीसीएस होती, जपानी पद्धतीची चाडेमो होती आणि आपल्या स्वतःच्या 'भारत एसी' व 'भारत डीसी' होत्या. चाडेमो लागणारी गाडी तेव्हा आपल्या रस्त्यावर दिवा घेऊन शोधली असती तरी सापडली नसती. पण उद्या एखादा पाहुणा टोकियोहून स्वतःची गाडी चालवत आलाच तर त्याची गैरसोय नको, हा भाव. पाहुणा आला नाही. पुढच्याच वर्षी मंत्रालयानं ही सक्ती काढून टाकली आणि कुठली गन, म्हणजे गाडीत खुपसायचं वायरीचं टोक, ठेवायची ते बसवणाऱ्यावर सोडलं. मोटारींनी सीसीएस-२ ला माळ घातली. 'भारत डीसी'वाली पहिल्या पिढीतली काही यंत्रं मात्र सरकारी आवारांतून अजून उभी दिसतात. त्यांच्या वायरीवर दुपारी वाळत घातलेले टॉवेल मी पाहिले आहेत.

मी विजेची गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी मला रेंजबद्दल विचारलं. एका चार्जमध्ये किती जाते? कंपनी एक आकडा सांगते, तो चाचणीतून येतो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. रोलरला घाट नसतो, मागच्या सीटवर सासरे नसतात आणि एसी किती ठेवायचा यावरून वाद नसतो. आपण त्या आकड्यातून आपापल्या स्वभावाप्रमाणे वजाबाकी करायची, एवढंच. रेंजचा त्रास महिनाभरात संपतो. खरा प्रश्न कुणीच विचारला नाही. तो असा की, चार्जरपाशी कोण असतं?

कुणीही नसतं.

पेट्रोल पंपावर माणूस असतो, याचं महत्त्व आपल्याला कधी कळलंच नाही. तो 'झीरो बघा साहेब' म्हणतो, टाकीचं झाकण उघडतो, सुटे नसतील तर समोरच्या रिक्षावाल्याकडून आणतो, मध्ये घुसणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आईवरून आठवण करून देतो आणि 'चिपळूणला हाच रस्ता ना?' या प्रश्नाचं उत्तरही देतो. त्याच्या जागी आता सहा फूट उंचीचं एक कपाट उभं आहे. कपाटावर एक पडदा. पडद्याचं तोंड हटकून पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीन ते सहा त्यावर काय लिहिलंय ते फक्त बसवणाऱ्याला माहीत. पेट्रोल घेणाऱ्याच्या डोक्यावर भलंमोठं छत असतं. वीज घेणारा मात्र उघड्यावर, पंपाच्या पार मागच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या यंत्राच्या आणि स्वच्छतागृहाच्या मधल्या जागेत. भर जुलैत एका हातात छत्री आणि एका हातात गन धरून, फोनवर आलेला ओटीपी कोणत्या हातानं टाकायचा, याचं उत्तर कुठल्याही धोरणात नाही.

पंपांवर ही कपाटं आली त्याचाही इतिहास आहे. विजेच्या गाड्यांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेली केंद्राची 'फेम-२' योजना १० हजार कोटींची. त्यातले ८०० कोटी २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना मंजूर झाले, ७,४३२ चार्जिंग स्टेशनं उभारण्यासाठी. पेट्रोल विकणाऱ्यालाच पेट्रोल न लागणाऱ्या गाड्यांची सरबराई करायला सांगितली. हसू आलं तरी निर्णय तसा शहाणपणाचा होता, कारण मोक्याची जागा, रस्ता आणि संडास या तिन्ही गोष्टी एकत्र असलेलं ठिकाण या देशात पंपाशिवाय दुसरं नाही. फक्त पंपमालकाच्या दृष्टीनं ते कपाट म्हणजे सरकारनं आणून ठेवलेली पाहुणी. हाकलता येत नाही आणि चहा विचारायची इच्छा नाही.

संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०२४ च्या डिसेंबरात देशात २५ हजारांहून अधिक सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती. कर्नाटक पहिलं, महाराष्ट्र दुसरा. आपली सुमारे ३,७००. (बेळगावमधली कुणाच्या खात्यात धरायची हा वाद अजून सुरू झालेला नाही, हे नशीब.) आकडा वाईट नाही. पण तो बसवलेल्यांचा आकडा आहे. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटतो, फीत कापली जाते, आमदारसाहेब गन हातात धरून फोटो काढतात आणि त्यानंतर त्या यंत्राला जगात कुणी उरत नाही. ॲपवर हिरवा ठिपका दिसतो म्हणून आपण चौदा किलोमीटर वाट वाकडी करून जावं, तर यंत्राला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा: 'बंद आहे'. हा पुठ्ठा बांधणारा भला माणूस कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याला शोधून नोकरीवर ठेवलं तरी निम्मा प्रश्न सुटेल.

बंद असण्याची कारणं फार मोठी नसतात. सिम कार्डचं रिचार्ज संपलेलं असतं. हो, यंत्राला सिम असतं, त्यातून ते कंपनीच्या मुख्यालयाशी बोलतं. ते बोलणं तुटलं की समोर उभं असलेलं गिऱ्हाईक त्याला दिसत नाही. किंवा कुणाच्या तरी चार वर्षांच्या चिरंजीवांनी तो मोठा लाल बटाट्याएवढा 'इमर्जन्सी स्टॉप' दाबलेला असतो. तो लहान मुलांच्या बरोबर उंचीवर असतो. बटण उजवीकडे पिळलं की पुन्हा वर येतं, एवढाच उपाय. पण तो माहीत असलेला माणूस गुरुग्राममध्ये कॉल सेंटरला बसलेला असतो आणि आपण नववे असतो. आणि पुण्यात गुरुवार असतो. देखभालीसाठी वीज घालवायचा आमचा वार गुरुवार. त्याच दिवशी बहुधा पाणीही नसतं. दत्तभक्तांचा उपासही असतो. गुरुवारी पुणेकरानं आणि त्याच्या गाडीनं काही घेऊ नये, हेच बरं.

आता यंत्र एकटं उभं करायचं ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे कुठलंही यंत्र एकटं राहिलेलं नाही. एटीएमशेजारी वॉचमन असतो. लिफ्टमध्ये बटण दाबायला स्टुलावर बसलेला लिफ्टमन असतो. रेल्वेनं तर स्वयंचलित तिकीट यंत्रं बसवली आणि ती आपोआप चालावीत म्हणून त्यांच्यापुढे निवृत्त कर्मचारी उभे केले. रांग त्यांच्यापुढेच लागते, आणि झटपट सरकते. या अनुभवी राष्ट्रानं नेमक्या साठ किलोवॅटच्या यंत्राला मात्र वाऱ्यावर सोडावं?

कारण हिशेब बसत नाही, हे त्याचं उत्तर. साठ किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे दहा-पंधरा बिऱ्हाडांच्या मंजूर भाराएवढा भार. गावाकडे एका शंभर केव्हीएच्या डीपीवर आधीच पिठाची गिरणी, शेतातले पंप आणि लग्नसराईतले डीजे लटकलेले असतात. तिथे हा चार्जर लावायचा तर नवीन डीपी, नवीन केबल, महावितरणचं कोटेशन, खांब कुणाच्या बांधावर येणार यावरून भाऊबंदकी. हे सगळं पार पडून यंत्र सुरू झालं की दिवसाला गाड्या येणार तीन. आणि वीज एक युनिटही वापरली नाही तरी मंजूर भाराचा आकार बिलात दर महिन्याला हजर. वर चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी. म्हणून घरी निम्म्या-पाऊण दरात पडणारं युनिट रस्त्यावर अठरा-वीस रुपयांना, कुठे त्याहूनही महाग. यात माणसाचा पगार निघणार कुठून? माणूस नाही म्हणून यंत्र बंद पडतं, बंद पडतं म्हणून गाडीवाले फिरकत नाहीत, फिरकत नाहीत म्हणून माणूस परवडत नाही.

आणि मग सलग सुट्ट्या येतात. एरवी ज्या यंत्राकडे कुत्रं फिरकत नाही, तिथे शुक्रवारी संध्याकाळी एकदम अकरा गाड्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या एका फूड मॉलमध्ये मी हा सोहळा जवळून पाहिलेला आहे. एक यंत्र, दोन गन. दोन्ही लावल्या की साठाचे तीस-तीस होतात, हे पहिल्याला माहीत असतं म्हणून तो दुसऱ्याला 'ती गन जरा गडबड करते हो' असं सांगून ठेवतो. गाड्यांच्या चार्जिंगच्या झाकणांची जागाही कंपनीगणिक वेगळी. कुणाचं पुढे लोगोखाली, कुणाचं मागे डावीकडे, कुणाचं पुढच्या चाकावर. वायर तेवढी लांब नसते. त्यामुळे एक गाडी सरळ, एक उलटी, एक तिरकी. एवढं करून दोन जागांपैकी एकीत डिझेलची फॉर्च्युनर उभी. मालक आत मिसळ खातोय. 'चार्जिंगची जागा आहे' असं सांगितलं तर म्हणतो, 'मग करा ना चार्जिंग, मी कुठे नको म्हणतोय?'

रांगेतल्या लोकांचं बोलणं ऐकावं. दवाखान्याबाहेर एकमेकांची शुगर विचारावी तसं इथे टक्के विचारतात.

'आपलं किती?'

'बारा.'

'अरे बापरे. लोणावळ्यापर्यंत तरी...?'

'घाट आहे ना. चढताना टक्के डोळ्यांदेखत खाली जातात. उलट दिशेला असतो तर चिंता नव्हती, उतारावर आपोआप भरतं. मुंबईला जायचं असतं तर बरं झालं असतं.'

'पण आपल्याला पुण्याला जायचंय.'

'तेच तर.'

मग सगळे मिळून ज्याची गाडी लागली आहे त्याच्याकडे पाहतात. त्याचे सत्त्याऐंशी झालेले असतात आणि तो शांतपणे कॉफी पीत असतो. ऐंशीनंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करून घेते. तिचं आयुष्य टिकावं म्हणून ती व्यवस्था असते. शेवटचे वीस टक्के भरणं म्हणजे खच्चून भरलेल्या एसटीत आणखी दहा उतारू चढवणं. कंडक्टर कितीही ओरडला तरी ते एकेक करूनच चढणार. म्हणून ऐंशीला गन काढून पुढच्याला द्यावी, हा जगभरचा शिष्टाचार. हे एका काकूंनी त्या गृहस्थांना फार मृदू शब्दांत सुचवलं. ते म्हणाले, 'वहिनी, आम्ही ताटात काही टाकत नाही आणि अर्ध्या पोटी उठतही नाही.' यावर काय बोलणार? पेट्रोल पंपावर हा प्रसंग कधी घडला नसता, कारण तिथल्या माणसानं 'चला काका, पुढं घ्या' म्हणून बॉनेटवर थाप मारली असती. ती थाप मारणारा हात कुठल्याही ॲपमध्ये नाही.

याच घाटातून, थोडं पलीकडून, दख्खनची राणी जाते. १९३० सालापासून ती विजेवर घाट चढते आहे. त्याच्याही पाच वर्षं आधी, ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली होती. तिची तार डोक्यावर, टक्के विचारायला कुणी नाही, ॲपच्या वॉलेटमध्ये किमान पाचशे रुपये भरून ठेवायची अट नाही. मुंबईहून पुण्याला विजेवर जायचा प्रश्न आपण ब्रिटिशांच्या काळातच सोडवला होता. तो आपल्या मालकीच्या गाडीतून, स्वतंत्र एसीत, आपल्याला हवी ती गाणी लावत सोडवायचा असं ठरवलं, तिथून रांग लागली.

आपण म्हणाल, घरून भरून निघावं. निघतात की, ज्यांना घरी भरता येतं ते. विजेच्या गाडीचा सगळा संसार घरच्या प्लगवरच चालतो. आपल्या घरच्या किंवा कार्यालयातल्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे, हेही केंद्राच्या नियमांत लिहिलेलं आहे. पण ते नियम दिल्लीचे आणि सोसायटी आमची. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ७ म्हणून एका सभासदाचा चार्जिंगचा अर्ज आला तेव्हा पहिली हरकत आगीची निघाली. ती घेणारे सदस्य गेली अनेक वर्षं जिन्याखाली थिनरचे डबे आणि जुनी गादी ठेवून आहेत. दुसरी हरकत लिफ्ट बंद पडेल अशी होती. वेगळा मीटर घेतो, बिल मी भरतो, वायर मी आणतो, असं अर्जदार म्हणाला. त्यावर चेअरमनसाहेब म्हणाले, 'वायर तुमची, पण भिंत सोसायटीची. भोक कुणाचं?' भोकाची मालकी ठरवायला उपसमिती नेमली आहे. तोवर अर्जदार रात्री अकरा वाजता मॉलच्या तळघरात गाडी घेऊन जातो. तिथे वीज आहे, गन आहे, जागा आहे आणि मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे पैसे भरायला तो वर येतो, पैसे भरून खाली जातो, तोपर्यंत यंत्राची दीड मिनिटांची मुदत संपलेली असते. त्याचं वजन उतरलं आहे, हे मी नोंदवून ठेवतो.

दुचाकीवाल्यांची कहाणी निराळीच. त्यांच्यात अमक्या कंपनीची गन तमक्या स्कूटरला चालत नाही. भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये हलक्या गाड्यांसाठी एक जोडणी प्रमाण म्हणून जाहीर केली खरी. ती सगळ्यांनी पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्यावर. बॅटरी काढून घरात नेता येणारी स्कूटर घेतलेले एक शेजारी रोज संध्याकाळी दोन्ही हातांत दोन बॅटऱ्या घेऊन तीन मजले चढतात. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाहीच, त्यामुळे ती बंद पडायचाही धोका नाही.

गणपतीत कोकणात जायचं म्हणजे तर परीक्षाच. मुंबई-पुण्यातली अर्धी माणसं एका रात्रीत खाली उतरतात. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी कुणी किती यंत्रं बसवावीत? चारच बसवली तर रांग महाडपर्यंत, चाळीस बसवली तर उरलेलं वर्षभर त्यांच्यावर शेवाळ. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला सोय करायचं पुन्हा म्हटलं आहे आणि द्रुतगती मार्ग, समृद्धी व अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलही माफ केला आहे. टोलनाक्यावर वाचलेला वेळ चार्जरवर खर्च करता येतो, हा त्यातला विचार असावा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण मात्र २०११ पासून चालूच आहे, त्यामुळे तिथे ते २५ किलोमीटर जुन्या रस्त्यानं मोजायचे, नव्यानं की वळणरस्त्यानं, हे आधी ठरवावं लागेल.

आणि तरीही चालणारे चार्जर आहेत. खंबाटकी ओलांडून साताऱ्याकडे जाताना एका शाकाहारी हॉटेलच्या आवारात एक आहे. तो कधीही बंद सापडत नाही. त्याचं कारण काउंटरवर बडीशेपेच्या वाटीमागे बसतं. मालकाचा पुतण्या, वय वीस-बावीस. गाडी आत वळली की तो हातानं इशारा करतो, 'काका, उलटी घ्या, वायर पुरत नाय.' त्याच्या फोनमध्ये झाडून सगळी ॲपं आहेत. ज्याला ओटीपी येत नाही त्याची गाडी तो स्वतःच्या खात्यावरून सुरू करतो आणि रोख घेतो. लाल बटण पोरांनी दाबू नये म्हणून त्यानं त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा बसवला आहे. पडद्यावर ऊन येतं तिथे कोल्ड्रिंकच्या कंपनीची छत्री. आणि एक वही: गाडीचा रंग, आले तेव्हा किती टक्के, काय मागवलं. 'पांढरी, १९, दोन थाळी.' 'निळी, ४१, फक्त चहा.' फक्त चहावाल्याची गन सत्तरला निघते. थाळीवाल्याला पंचाऐंशीपर्यंत मुभा. जेवून झाल्यावर जो टेबलावर रेंगाळतो त्याच्यापुढे बिल येतं, आणि बिलाबरोबर गाडीची किल्ली.

'कंपनी तुला पगार देते का रे?' मी विचारलं.

'कंपनीला म्हाईतच नाय मी हाये ते.'

मग बडीशेप पुढे सरकवत म्हणाला, 'मागल्या महिन्यात त्यांचा इंजिनिअर आलता पुण्यावनं. म्हनला, या पट्ट्यातली समदी बंद पडत्यात, तुमचीच कशी चालू? तुम्ही मशीनला काय सेटिंग केलंय? पार खोलून बघितलं त्यानं. फोटो काढलं.'

'सापडलं काही?'

'नाय. जाताना अपडेट मारून गेला. दोन दिस बंद व्हतं.'